बिनझाकणाची बरणी

पांढरी गाडी मुकुंदवाडी स्टेशनाकडून वळून गल्लीत शिरली तेव्हा साळूबाई ओट्यावर बसून कैऱ्या फोडत होती. गाडी भावाची आहे हे तिने लांबूनच ओळखलं, पण हातातला अडकित्ता काही थांबवला नाही. रक्षाबंधन नव्हतं, भाऊबीज नव्हती, नात्यात कुणी गेल्याचंही कानावर नव्हतं. अशा कोरड्या दिवशी भाऊ बहिणीच्या दारात येतो तो काहीतरी मागायलाच. त्यात गाडीतून बद्रीनाथ उतरला आणि त्याच गाडीतून साहेबरावही उतरला. करमाडच्या जमिनीचा मोबदला आल्यापासून हे दोघे भाऊ एका मांडवातसुद्धा बसले नव्हते. मामला मोठा दिसतोय, असं साळूबाईच्या मनात आलं.

मागून बद्रीनाथची बायको गोजरबाई उतरली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात, जणू आत लहान मूल झोपलंय. मुलगा सुदर्शन घरीच राहिला होता; शेवटी त्यांची मुलगी संस्कृती आली, मोबाइलात मान घालून, आत्याच्या नजरेला नजर न देता.

"काय साळे, बरंय का?" बद्रीनाथ म्हणाला. विचारलं बहिणीला, पण डोळे होते ओट्याच्या कोपऱ्यात उन्हात वाळत ठेवलेल्या बरणीवर.

"बरणी बरी हाय दादा. मीबी बरी हाय."

साहेबराव उगाच हसला. तो धाकटा. जमिनीची दलाली करून करून त्याला कुठेही आधी हसायची सवय लागली होती.

बरणी गुडघ्याएवढी उंच होती, तपकिरी रंगाची, पोटाला गच्च. तिच्या अंगावर उठावाचं चित्र होतं: एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कपाळावर एकच शिंग असलेला घोडा आणि मधे मुकुट. आई हयात होती तेव्हा नवरात्रात त्या सिंहाला कुंकू लागायचं, कारण सिंह म्हणजे देवीचं वाहन आणि मुकुट म्हणजे देवीचा टोप. घोड्याला शिंग कसं, हे विचारणाऱ्या पोराला धपाटा मिळायचा. बद्रीनाथच्या म्हणण्याप्रमाणे ही बरणी आजोबा कडुबा यांना निजामाच्या दरबारातून इनाम मिळाली होती. सरपंच असताना तो हे प्रत्येक भाषणात सांगायचा आणि दर निवडणुकीला इनाम थोडं थोडं वाढायचं. शेवटच्या निवडणुकीत तर बरणीबरोबर एक हत्तीही आला होता. ती निवडणूक तो हरला.

आज ही सगळी वरात दारात यायचं कारण संस्कृती होती. आत्या लोणची घालून विकायची; महिन्यापूर्वी संस्कृतीने त्याच लोणच्याची रील केली. आत्या फोडणी घालतेय, मागे बरणी. लोकांनी लोणचं पाहिलं आणि शहागंजातल्या अखलाकभाईंनी बरणी पाहिली. जुन्या चिनीमातीच्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारा हा माणूस. त्याने संस्कृतीला फोन केला, संस्कृतीने आईला सांगितलं, आईने नवऱ्याला. नवऱ्याने धाकट्या भावापासून ही गोष्ट लपवायची शिकस्त केली, म्हणजे धाकट्याला ती त्याच दिवशी कळली. साहेबरावाने मोबाइलवर शोधून परदेशात अशीच एक बरणी किती लाखांना गेली ते काढलं, आणि तेव्हापासून दोन्ही भावांना आईची आठवण येऊन झोप लागेना.

"साळे," ओट्यावर बूड टेकत बद्रीनाथ म्हणाला, "आडवंतिडवं बोलायला मला येत नाय. बरणी आईची. म्हंजे वडिलोपार्जित. तू, मी, सायबू. तीन वाटे. न्यायानं."

"वडिलोपार्जित," साळूबाई म्हणाली.

"व्हय. वडिलोपार्जितच की."

साळूबाईने अडकित्ता खाली ठेवला. तो शब्द तिने पदराच्या गाठीत पैसा बांधावा तसा बांधून ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

आत तिने चहाचं आधण ठेवलं, पण डोक्यात तोच शब्द घोळत होता. चार वर्षांपूर्वी ह्याच बद्रीनाथने तिला आधार कार्ड घेऊन रजिस्ट्रीला बोलावलं होतं. कारखान्यांसाठी जमीन जाणार होती आणि हक्कसोड पत्रावर बहिणीची सही हवी होती. "नुस्तं कागदापुरतं हाय साळे. माहेर कुठं पळून चाललंय का?" असं तो म्हणाला होता. तिने सही केली. सगळ्याच बहिणी करतात. मग जालना रोडवरच्या हॉटेलात जेवण झालं आणि तिला एक मोरपंखी साडी मिळाली, बोट ओलं करून लावलं तर बोटाला रंग येईल अशी. ती साडी तिने कधी नेसली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "गोठ्यात आईची बरणी पडलीय, ती नेऊ का?"

बरणीत तेव्हा सरकी-पेंड भरलेली होती. गोजरबाईने पेंड पोत्यात ओतली, बरणी उचलून बाहेर ठेवली आणि झाकण मात्र ठेवून घेतलं. "कोंबड्याला पाणी ठिवायला लागतं," म्हणाली. झाकण उलटं करून, त्याची मूठ मातीत पुरून, त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. साळूबाई बिनझाकणाची, रिकामी बरणी घेऊन रिक्षात बसली. त्यांच्याकडे लेकीला कुठलंही भांडं रिकामं देत नाहीत. मूठभर गहू, नाहीतर निदान चार दाणे ज्वारीचे तरी टाकतात. जमीन गेली त्याचं तिला फार वाटलं नव्हतं. त्या न टाकलेल्या चार दाण्यांचं मात्र ती आजपर्यंत मनात धरून होती.

चहा उकळेपर्यंत साहेबराव आत आला. दार ओढून घेत म्हणाला, "आक्का, दादाला काय कमी हाय? दोन मजली बंगला, दारात दोन गाड्या. तीन वाटे कामून? आपण दोघं निम्मं निम्मं करू. मी तुह्या बाजूनं बोलतो."

"तू? मह्या बाजूनं?"

"आता नाय तर कवा बोलायचं आक्का?"

"चार वर्षांखाली बोलायचं व्हतं, सायबू. जा, साखरेचा डबा काढून दे."

त्याने साखरेचा डबा काढून दिला आणि गेला. लगेच गोजरबाई आली, पिशवीसकट. तिने आधी खिडकीतून ओट्याकडे पाहिलं, मग पिशवी किंचित उघडून दाखवली. आत जुन्या परकरात गुंडाळलेलं झाकण होतं.

"वन्सं, झाकण मह्याकडं हाय. त्याच्याबिगर बरणीला मोल नाय म्हणं. आपण दोघी बाया मिळून इकू. ह्या दोघाला कळायचं बी नाय."

साळूबाईने झाकण नाकापाशी नेलं. "वहिनी, ह्याला अजून कोंबड्याचा वास येतोय."

"घासलं व्हतं मी, राखेनं."

"वास जात नस्तो. आमच्या धंद्यात ठावं हाय आमाला."

गोजरबाईने पिशवी बंद केली. नवऱ्याविरुद्ध नणंदेशी हातमिळवणी करायचा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रयत्न होता, आणि तो चहाच्या एका उकळीतच फसला.

भावांनी बोलावून ठेवलेले अखलाकभाई स्कूटरवर आले. अत्तराचा वास, पांढरीशुभ्र दाढी, खिशात छोटा टॉर्च आणि भिंग. बरणीजवळ गुडघे टेकून बसले, पण हात लावला नाही. डॉक्टर आधी पेशंटला नुसतंच बघतो तसं बघत राहिले. सगळं घर ओट्यावर श्वास रोखून उभं होतं. शेजारच्या दोघी-तिघी बायकाही दारात आल्या होत्या.

"माशाल्ला," शेवटी ते म्हणाले. "बाई, इधर हात लगाओ. कैसा लगता?"

साळूबाईने बरणीच्या पोटावरून हात फिरवला. गेली चार वर्षं ती रोज फिरवत होती. "बारीक बारीक खड्डे हायेत."

"हौ. मोसंबी के छिलके सरीखे. नवा माल आरशावानी गुळगुळीत अस्तो, हा बघा असा." त्यांनी टॉर्च आडवा धरला आणि त्या उजेडात बरणीच्या अंगावर शेकडो बारीक टिंबं उठून दिसली. "पुराने जमाने में भट्टी लालभडक हुई की ऊपर से मूठमूठ मीठ फेकते थे. मीठ की भाप मिट्टी पे बैठ को ये चमक आती. बाहर की बाजू चमक, अंदर भाप पोचती नै. म्हणून आतून येगळा लेप दिलाय."

"म्हंजे माती मिठात मुरवलेली हाय," साळूबाई म्हणाली.

अखलाकभाई हसले. "मुरब्बाच समझो."

साळूबाईला एकदम बरं वाटलं. आपण रोज जे करतो तेच कुणीतरी भट्टीत मातीचं केलं होतं. ही बरणी आपल्याच जातकुळीची, असं तिला वाटून गेलं.

अखलाकभाईंनी बोटाच्या पेराने बरणीवर टिचकी मारली. टण्ण. "तडा नै." मग बरणी उलटी केली, बुडावरचा पुसट शिक्का भिंगातून पाहिला, पुन्हा सरळ करून आत टॉर्च मारला. तळापासून वीतभर वर आतल्या भिंतीला कठडा होता. त्या कठड्यावर आई हिंगाची पुडी ठेवायची. मग बरणीच्या बुडाजवळ बाहेरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "और ये छेद? ये किसने बंद किया?"

"ते पैल्यापासनं हाय," बद्रीनाथ अधिकाराने म्हणाला. "दरबारातूनच तसं आलं व्हतं. निजामाच्या मुदपाकखान्यातली..."

"निजाम का कायकू सरपंच? ये शेर इंग्रज का. ये सींगवाला घोडा इंग्रज का. ये ताज बी इंग्रज का. ये पानी का फिल्टर है. अंदर इस कठडे पे कोळशाची वीट ठिवायचे, ऊपर से पानी डालते, और इस छेद में नळ. साब लोगां इसमें से पानी पीते थे. छावणी का माल है. तुमारे दादा छावणी में क्या करते थे?"

बद्रीनाथने गळ्यातलं उपरणं सारखं केलं.

"दूध घालायचे," साहेबराव म्हणाला.

"मंग बराबर हाय," साळूबाई म्हणाली. "सायब वैतागला असंल. म्हणला असंल, कडुबा, दुधात पाणी घालतोसच, तर बाबा गाळून तरी घाल."

शेजारणी खुदकल्या. संस्कृतीने मोबाइल खाली घेतला आणि पहिल्यांदाच आत्याकडे पाहून हसली. बद्रीनाथचा चेहरा मात्र असा झाला, जणू त्याच्या हत्तीला कुणीतरी कसायाच्या हाती दिलंय.

"आन् आई," साळूबाईला आता हसू आवरेना, "आई जलमभर इंग्रजाच्या शेराला कुंकू लावीत राह्यली! नैवेद्य दाखवीत राह्यली!"

अखलाकभाईंनी खिशातून चिमटा काढून त्याने भोकातली खुंटी हळूहळू ओढली. बाभळीची होती ती, तेलात मुरून काळी ठिक्कर पडलेली. तिच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळली होती. कापड हाताला लागताच तुकडे तुकडे होऊन गळलं, पण एका तुकड्यावर अजून लाल-काळा चौकडा दिसत होता.

साळूबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. तो आईच्या लुगड्याचा पदर होता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, आई तेच एक लुगडं नेसायची. साहेबाच्या फिल्टरचं भोक तिने पदर फाडून बुजवलं आणि त्यातून घरभर लोणचं पुरवलं. साळूबाईने तो तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि तिला आई इतकी जवळ वाटली की ती बाजूला तोंड फिरवून बसली.

"हे खुंटी-बिंटी निकालो," अखलाकभाई म्हणाले. "असली नळ असता तो और मोल आता. अभी सुनो. बिना झाकण, दहा-बारा हजार. झाकण के साथ चाळीस."

"लाख?" साहेबरावाने विचारलं.

"हजार."

"मोबाइलात तर लाखात हाय!"

"मोबाइल में मैं बी जवान दिखता."

एवढा वेळ मागे उभी असलेली गोजरबाई पुढे आली. पिशवीतून परकर, परकरातून झाकण. अखलाकभाईंनी ते बरणीवर ठेवलं आणि ते बसलं, अगदी हलकासा आवाज करत, घरचं माणूस दारातून आत यावं तसं. कडेला एक टवका उडालेला होता. तो कोंबड्यांनी उडवला की गोजरबाईच्या राखेने, हे कुणी विचारलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. ज्यांच्या नावावर कोटीची ठेव होती ते दोन पुरुष चाळीस हजारांचे तीन वाटे बोटांवर मोजू लागले. गोजरबाई म्हणाली, झाकणानेच भाव वाढला, तर आधी वाढलेला भाव माझा आणि मग उरलेल्याचे वाटे करा. साहेबराव म्हणाला, झाकणही आईचंच, तुम्ही ते कोंबड्यांना दिलं म्हणून ते तुमचं होत नाही. बद्रीनाथ बायकोला म्हणाला, "तू गप बस." आणि गोजरबाई नवऱ्याला म्हणाली, "हत्ती आणा आधी, मंग मला गप बसवा." तासाभरापूर्वी एका गाडीतून आलेले लोक आता तीन पक्षांत वाटले गेले होते.

अखलाकभाई भिंग खिशात ठेवत उठले. "मैं झगडे का माल नै लेता. मालक कौन, एक नाव सांगा."

"वडिलोपार्जित हाय," बद्रीनाथ ओरडला. "तिघांची हाय! कायद्यानं तिघांची!"

"दादा," साळूबाई म्हणाली. "वडिलोपार्जितात लेकीचा वाटा अस्तो, हे तुला ठावं हाय म्हणायचं."

बद्रीनाथ साहेबरावाकडे बघू लागला.

"मंग त्या दिशी रजिस्ट्रीत हे कुठं गेलतं?"

"आक्का, ते आता झालं गेलं," साहेबराव मधे पडला. "तू सही केली. राजीखुशीनं."

"केली की. म्या कुठं नाय म्हणते? म्या ती परत बी मागत नाय. आता तुमी करा. राजीखुशीनं." ती संस्कृतीकडे वळली. "संस्कृती, आतून वहीचं एक पान फाडून आन. लिही. आमी दोघं भाऊ आईच्या बरणीवरला आमचा हक्क बहीण साळूबाई हिच्या नावानं सोडतो."

"आसं कुठं अस्तंय का?" बद्रीनाथ उसळला. "भावानं बहिणीच्या नावानं हक्कसोड? लोक हासतील!"

"मह्या टायमाला कुणी हासलं नाय."

"असल्या कागदाला काय अर्थ हाय?" साहेबराव म्हणाला.

"नुस्तं कागदापुरतं हाय, सायबू."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते एका पक्षात आले होते, आणि तो पक्ष बहिणीच्या विरुद्ध होता. कदाचित ते असेच उठून गाडीत जाऊन बसलेही असते. पण कागद लिहिता लिहिता संस्कृतीचा पेन थांबला.

"बाबा," तिने मान वर न करता विचारलं, "माझ्या लग्नानंतर मलापण सही करावी लागणार का? सुदर्शनदादासाठी?"

बद्रीनाथने तिच्याकडे पाहिलं. हीच पोर त्याच्या खांद्यावर बसून प्रचाराला यायची. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, गावातल्या सगळ्या बापांकडे तयार असतं. पण ते इथे, ह्या ओट्यावर, बहिणीसमोर आणि ह्या पोरीसमोर त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. तो लाल झाला. त्याला लाज वाटली, आणि ती लपवता आली नाही म्हणून राग आला, आणि तो रागही कुणावर काढावा हे कळेना. शेवटी त्याने मुलीच्या हातून पेन ओढून घेतला आणि सही केली, इतकी जोरात की कागद फाटला.

"सायबू, कर," तो म्हणाला. "आन् तोंड बंद ठेव."

साहेबरावाने सही केली. करताना तो हसलासुद्धा नाही.

साळूबाईने संस्कृतीच्या हातात नोट ठेवली. "कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन टॉवेल आन् दोन टोप्या आन. हलक्यातल्या. अन् कुणी जेवल्याबिगर हलायचं नाय. सही झाल्यावर जेवण अस्तंय, आपल्यात रीत हाय."

दुपारी ओट्यावर पंगत बसली. पिठलं, भाकरी, आणि ताज्या कैरीचं तिखट करकरीत लोणचं. अखलाकभाईही बसले. बरणी विकायची नाही हे कळल्यावरही दुसरी भाकरी मागून घेतली आणि निघताना म्हणाले, "बाई, मन बदला तो मेरेकूच." दोन्ही भाऊ डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल टाकून खाली मान घालून जेवले. नवऱ्याचं ते ध्यान पाहून गोजरबाईला हसू आलं. ते लपवायला ती पाणी प्यायली, मग ठसका लागला, आणि मग शेजारणींबरोबर ती मोकळी हसली.

निघताना झाकण बरणीवरच राहिलं होतं. गोजरबाईने एकदा त्याकडे पाहिलं आणि रिकामी पिशवी घडी घालायला घेतली. साळूबाईने ती पिशवी तिच्या हातातून घेतली, आत गेली आणि दोन ओंजळी गहू टाकून परत आणून दिली. "रिकामी नेऊ नये, वहिनी." गोजरबाईने पिशवी हातात घेतली. तिला सगळं आठवलं असावं, कारण गाडीत बसेपर्यंत तिने पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरून ठेवलं.

बद्रीनाथ दार उघडून थांबला. टोपी अजून डोक्यावरच होती. "येत जा साळे, माहेरी," तो पुटपुटला.

"तुमीच येत जा दादा," साळूबाई म्हणाली. "बहिणीचं घर कुठं पळून चाललंय का?"

गाडी स्टेशनाकडे वळून दिसेनाशी झाली. साळूबाई कामाला लागली. फोडलेल्या कैऱ्यांना मीठ लागलं होतं, पाणी सुटलं होतं, आज बरणी भरायलाच हवी होती आणि बुडाचं भोक तर उघडं पडलेलं. बाभळीची खुंटी हाताशी होती, पण नुसत्या खुंटीने तेल थांबणार नव्हतं. आईच्या पदराचे तुकडे तिने देवापाशी ठेवले. मग ट्रंकेच्या तळातून ती मोरपंखी साडी काढली, घडीही न मोडलेली. काठ दातात धरून टर्रकन फाडला, पट्टी रंग जाईपर्यंत धुवून, वाळवून, तेलात बुडवून खुंटीला घट्ट गुंडाळली आणि वरवंट्याने ठोकून ती भोकात बसवली. बरणीत तेल ओतून बघितलं. एक थेंब गळला नाही.

बाकीची साडी तिने फडक्यांसाठी बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत माहेरच्या त्या साडीचा आज पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला होता.